मनगटावरची लाख : सयाममधल्या चिनी स्थलांतरितांचं एक प्रकरण

एकोणिसाव्या शतकातल्या बँकॉकमध्ये, म्हणजे सयामच्या (आजच्या थायलंडच्या) राजधानीत, माणूस सरकारदप्तरी सयामी आहे की चिनी, हे ठरवायला त्याचा चेहरा बघत नसत, मनगट बघत. सयामी रयतेच्या मनगटावर गोंदलेलं असे: कोणत्या ठिकाणचा, कोणाच्या हाताखालचा. चिनी माणसाच्या मनगटाला दोरा बांधलेला असे आणि दोऱ्याच्या गाठीवर लाख लावून तिच्यावर सरकारी मोहोर उठवलेली असे. गोंदण जन्मभराचं. दोरा तीन वर्षांतून एकदा, पट्टी भरल्याची पावती म्हणून.

या मोहोरबंद दोऱ्याला 'पी' म्हणत. दर तीन वर्षांनी प्रत्येक प्रौढ चिनी पुरुषाने कचेरीत जायचं, डोईपट्टी भरायची आणि हात पुढे करायचा. सयामचा राजा तिसरा राम याच्या (१८२४–१८५१) कारकिर्दीत दर ठरला तो असा: चार बाट पट्टी आणि वर एक सलुंग, म्हणजे पाव बाट, लेखनावळ. भर बाजारात हाताला सरकारी लाख घेऊन फिरणं ज्यांना कमीपणाचं वाटे, अशा पैसेवाल्यांना जास्त रक्कम भरून नुसत्या कागदावर सुटता येई.

थायलंडमधल्या चिनी घराण्यांच्या गोष्टी बहुतेक एकाच वाक्याने सुरू होतात: आजोबा आले तेव्हा जवळ एक चटई आणि एक उशी होती. पुढे कष्ट, काटकसर, दुकान, गिरणी. गोष्ट खोटी नाही. पण चटई-उशी घेऊन जावा, लुझोन (फिलिपिन्स), मलाया इथेही लोक उतरलेच, आणि तिथे त्यांच्या नातवंडांचं जे झालं ते सयाममध्ये झालं नाही. याचा उलगडा कष्टाच्या गोष्टीतून होत नाही. म्हणून हे प्रकरण मी त्या दोऱ्याच्या बाजूने मांडतो आहे: राज्याने या लोकांकडून काय मागितलं, आणि मुख्य म्हणजे काय मागितलं नाही.

वेठ

सयाममध्ये जमीन मुबलक होती, माणसं कमी. त्यामुळे सरदाराची ताकद त्याच्या हाताखाली किती डोकी आहेत यावर मोजली जाई, आणि शेजारच्या राज्यावर स्वारी झाली की विजेते मुलखापेक्षा माणसं ओढून आणत. सामान्य माणूस, 'फ्राइ', कुठल्या ना कुठल्या धन्याच्या नावावर नोंदलेला असायचा. त्याने राजाची किंवा धन्याची वेठ करायची. सतराव्या शतकाच्या शेवटी आलेल्या सिमाँ द ला लुबेर या फ्रेंच वकिलाने ही वेठ वर्षाला सहा महिने असल्याचं नोंदलं आहे. पहिल्या रामाने ती चार महिन्यांवर आणली, दुसऱ्या रामाने तीन. ज्या सरकारी फ्राइला वेठीऐवजी पैसे भरायची मुभा होती, त्याला तीन महिन्यांचे अठरा बाट मोजावे लागत. दरवर्षी.

चिनी माणूस या साखळीच्या बाहेर होता. त्याला धनी नाही, गोंदण नाही, वेठ नाही. गावोगाव फिरायला परवानगी लागत नाही. हिशोब मांडून पाहा: सयामी माणसाला वेठ पैशाने फेडायची तर तीन वर्षांत चोपन्न बाट लागत, आणि चिनी माणूस त्याच तीन वर्षांत सव्वाचार बाट भरून मोकळा होई. बहुतेक सयामी पैसे भरत नसत, अंगमेहनतीनेच वेठ काढत, म्हणजे त्यांचं नुकसान पैशात दिसत नाही. पण ऐन हंगामात तीन महिने घराबाहेर राहणाऱ्याला दुकान, मळा किंवा होडी चालवता येत नाही, हे कळायला आकडे लागत नाहीत.

ही सवलत राजाच्या मनाच्या मोठेपणातून आली असं काही ठिकाणी लिहिलेलं सापडतं. मला ते पटत नाही. सयामचा राजा हा त्या राज्यातला सगळ्यात मोठा व्यापारी होता, आणि त्याचा व्यापार चिनी हातांशिवाय चालत नव्हता. १३७१ मध्ये चीनच्या मिंग दरबाराने आपल्या लोकांच्या खाजगी समुद्री व्यापारावर बंदी घातली, ती १५६७ पर्यंत टिकली. या दोनशे वर्षांत चीनशी राजरोस व्यापार करायचा तर नजराणा घेऊन जाणाऱ्या सरकारी वकिलातीचाच रस्ता होता. सयामकडून अशा वकिलाती वारंवार गेल्या. त्यांची गलबतं चालवणारे, दुभाषे, हिशोबनीस, कधी कधी वकीलही अयुथया या तेव्हाच्या राजधानीत राहणारे चिनीच असत. ज्याच्या हातात राजाचं गलबत, त्याला कालवा खणायला कसं बसवणार?

अयुथयेची स्थापना १३५१ ची. नदीपलीकडच्या वाट फनान चोएंग या मठातली प्रचंड बुद्धमूर्ती बखरींच्या मते १३२४ ची, म्हणजे राजधानीपेक्षा जुनी. चिनी लोक तिला साम पो काँग म्हणून भजतात आणि तिचा संबंध मिंग आरमाराचा सेनापती झेंग ह याच्याशी जोडतात. शहरात त्यांची वस्ती आग्नेय कोपऱ्यात, बंदराला लागून. ला लुबेरने तिथल्या चिन्यांचा आकडा तीन-चार हजार दिला आहे, आणि एका परकीय जमातीसाठी तो लहान नव्हता. राज्याचं व्यापारी खातंही दोन हातांत वाटलेलं होतं. उजव्या हाताचं खातं पश्चिमेकडून, म्हणजे सुरत, कोरोमंडल आणि इराणकडून येणाऱ्या गलबतांचं, मुसलमान अधिकाऱ्याकडे. डाव्या हाताचं खातं चीनकडच्या व्यापाराचं, चोदुएक हा किताब असलेल्या चिनी अधिकाऱ्याकडे. परक्याला परक्याच्याच ताब्यात द्यायचं आणि त्या ताबेदाराला दरबारी किताब द्यायचा, ही पद्धत इथपासूनची आहे.

पुढे तांदूळ आला. १७२२ मध्ये सयाममध्ये तांदूळ स्वस्त असल्याचं चीनच्या कांगशी बादशहाच्या कानावर गेलं आणि त्याने दक्षिण चीनच्या बंदरांसाठी तीन लाख शी (चिनी धान्यमाप) तांदूळ जकात माफ करून मागवला. फूच्येन आणि ग्वांगदोंगच्या किनाऱ्यावर माणसं जास्त, धान्य कमी. ईशान्येच्या वाऱ्यावर जानेवारी-फेब्रुवारीत गलबतं सयामला येत, नैऋत्येच्या वाऱ्यावर जून-जुलैत परत जात. जाताना तांदूळ, सापन लाकूड, मिरी. येताना चिनी मातीची भांडी, रेशीम, आणि माणसं.

एका स्थलांतरिताचा मुलगा

१७६७ मध्ये बर्मी फौजांनी अयुथया जाळली. राखेतून राज्य पुन्हा उभं करणारा ताकसिन हा ग्वांगदोंगच्या चेंगहाई भागातून आलेल्या, तेओच्यू बोलीच्या चिनी माणसाचा मुलगा. आई सयामी. उपाशी राजधानीसाठी त्याने चिनी व्यापाऱ्यांकडून चढ्या भावाने तांदूळ विकत घेतला आणि वाटला. गलबतवाल्यांना कळलं की थोनबुरी या नव्या राजधानीत रोख पैसा मिळतो, आणि ते येतच राहिले. तेओच्यू लोकांना 'राजाचे चिनी' म्हणायची रीत त्याच काळातली. तोपर्यंत सयाममध्ये फूच्येनच्या होक्कियन लोकांचं वजन जास्त होतं. ताकसिनच्या पंधरा वर्षांनी पारडं जे फिरलं ते आजवर तसंच आहे.

१७८२ मध्ये ताकसिनला मारून चक्री घराणं आलं. नव्या राजाला राजवाड्यासाठी नदीच्या पूर्वेची जी जागा हवी होती तिथे चिनी वस्ती होती. तिला खाली दक्षिणेला, दोन मठांच्या मधल्या दलदलीच्या पट्ट्यात हलवण्यात आलं. तो पट्टा म्हणजे साम्पेंग, आजचं बँकॉकचं चायनाटाउन. हुसकावलं असं म्हणता येईल, पण नदीकाठची जागा मिळाली होती, आणि व्यापाऱ्याला त्याहून काय हवं? पहिल्या रामाने चीनला पाठवलेल्या पत्रात स्वतःची ओळख ताकसिनचा मुलगा अशी करून दिली आणि झेंग हे त्याचं आडनाव लावलं. ज्याला मारलं त्याचाच वारस म्हणवून घेणं जरा अतीच, पण चिनी दरबाराला वारसाहक्क हवा होता आणि सयामला व्यापार. पुढचे चक्री राजेही नजराण्याच्या कागदात झेंगच राहिले.

मजुरी आणि मक्ता

तिसरा राम राजपुत्र असतानाच गलबतांच्या व्यापारात इतका मुरलेला होता की वडील त्याला थट्टेने 'शेठजी' या अर्थाच्या चिनी नावाने हाक मारत. त्याच्या काळात दोऱ्याची व्यवस्था पुरती कामाला लागली, आणि राज्याच्या लक्षात एक गोष्ट आली: वेठीच्या माणसापेक्षा मजुरीचा चिनी परवडतो. वेठीवर आलेला शेतकरी जेमतेम हात हलवतो, त्याचं लक्ष घरी, आणि त्याला हाकायला मुकादमांची फौज लागते. १८३७ ते १८४० या काळात बँकॉकपासून पूर्वेकडे साएन साएप कालवा खणला गेला, सुमारे ५३ किलोमीटर. कंबोडियात व्हिएतनामशी चाललेल्या लढाईला फौज आणि दाणागोटा पोचवणं हा हेतू. खणणारे मजुरीवर लावलेले चिनी होते, आणि बखरीतला खर्च १,२०६ चांगच्या वर, म्हणजे ९६ हजार बाटांहून जास्त भरतो. युद्धाच्या कामालाही राजा वेठीऐवजी रोख मजुरी मोजतो, यात त्या व्यवस्थेचं मरण दिसत होतं. ते यायला आणखी साठ-पासष्ट वर्षं लागली.

एवढा रोख पैसा राजाकडे कुठून आला, तर तोही बराचसा चिन्यांकडूनच.

तिसऱ्या रामाने अडतीस नवे कर बसवले आणि त्यांची वसुली मक्त्याने दिली. दारू, जुगार, साखर, मिरी, ताडगूळ, पक्ष्यांची घरटी: प्रत्येकाचा लिलाव. जास्तीत जास्त बोली लावणारा मक्तेदार वर्षाला ठरलेली रक्कम राजाला देणार, वर जे सुटेल ते त्याचं. हे मक्तेदार जवळजवळ सगळे चिनी. त्यांना किताब मिळत, आणि किताबाबरोबर दरबारात पायरी. राजाला सरकारी कारकून न नेमता मुलूखभर वसुली मिळे. मक्तेदाराला राजाची मोहोर मिळे. भरणारा शेतकरी आणि जुगारी यांच्या वाट्याला काय येई ते सांगायला नको.

यातला सगळ्यात बोलका मक्ता हुआई नावाच्या सोडतीचा. १८३१ च्या पुरानंतर आणि पुढच्या वर्षीच्या अवर्षणानंतर तांदूळ महागला, लोकांनी बाहेरून आणलेला तांदूळ विकत घेतला, तरीही राजाने पाडलेली नाणी बाजारात दिसेनात. राजाने विचारलं, पैसा जातो कुठे? जेक हाँग नावाच्या दारूच्या मक्तेदाराने उत्तर दिलं की लोक पुरून ठेवतात, आणि तो बाहेर काढायला चीनमधली हुआई सोडत सुरू करावी. १८३५ मध्ये ती सुरू झाली. चिनी व्यक्तिचित्रांच्या पाट्या, पण सयामी लोकांना चिनी वाचता येत नसल्याने प्रत्येक चित्रापाशी एक थाई अक्षर. कोणतं अक्षर निघेल यावर पैसे लावायचे. पुरलेली नाणी खरोखर वर आली. शेतातल्या, घरातल्या, बायकांच्या गाठीच्या. सरकारला या सोडतीची इतकी चटक लागली की ती १९१६ पर्यंत चालली, आणि जुगाराचे अड्डे बंद व्हायला १९१७ उजाडलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अफू, दारू, जुगार आणि सोडत या चौघांतून सरकारी उत्पन्नाचा फार मोठा हिस्सा येत होता, काही वर्षी निम्म्याच्या आसपास. जुगाराच्या अड्ड्यांतली चिनी मातीची बिल्लं तर बँकॉकमध्ये सुटे पैसे म्हणून चालत. सरकारला ती शेवटी बंद करावी लागली.

राजधानीपासून दूर मक्त्याची पुढची पायरी सुभेदारी असे. झांगझोऊहून आलेल्या हाओ यियांगने १७६९ मध्ये ताकसिनला तंबाखूच्या पन्नास पेट्या आणि आपल्या मालमत्तेची यादी नजर केली. राजाने त्याला सोंगखलाच्या सरोवरातल्या बेटांवरच्या घरट्यांचा मक्ता दिला. १७७५ मध्ये तो सोंगखलाचा सुभेदार झाला आणि त्याच्या वंशाने ती जागा एकोणिसावं शतक संपेपर्यंत सांभाळली. रानोंगचा खाव सू चियांगही झांगझोऊचाच. पेनांगमार्गे आला, १८४४ मध्ये कथलाचा मक्ता घेतला, पुढे रानोंगचा सुभेदार झाला. त्याचा मुलगा खाव सिम बी फुकेत प्रांताचा उच्चायुक्त झाला आणि दक्षिण सयामला रबराची लागवड लावून गेला. नामवंत इतिहासात ही दोन घराणी नेहमी येतात. मला त्यांच्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते हे, की मक्तेदार मुळात ज्यांच्याकडून पैसा काढत होता त्यांतले मोठ्या संख्येने त्याचेच देशबांधव होते: अफू ओढणारे हमाल, कथलाच्या खाणीतले मजूर, उसाच्या मळ्यातले तेओच्यू.

हे मजूर मुकाट्याने भरत राहिले असं मात्र नाही. नाखोन चाय सी आणि चाचोएंगसाओ या भागांत तेओच्यूंनी ऊस आणि साखरेची भट्टी आणली होती आणि साखर हा राज्याचा मोठा निर्यातमाल बनला होता. साखरेवरचे कर, अफूसाठीची धरपकड, स्थानिक अधिकाऱ्यांचा जाच, आणि या सगळ्याखाली 'आंग-यी' या गुप्त मंडळ्यांचं संघटन. १८४८ मध्ये चाचोएंगसाओत उठाव झाला, सुभेदार मारला गेला, बंडखोरांनी शहर घेतलं. बँकॉकहून फौज गेली आणि हजारो चिनी मारले गेले. सयाममध्ये चिन्यांचा कधीच छळ झाला नाही, हे वाक्य लिहिणाऱ्याने चाचोएंगसाओकडे पाठ केलेली असते.

मुलं कोणाची

त्या काळी चीनमधून बायका येत नसत. येणारे पुरुष सयामी बायकांशी लग्न करत, आणि सयामी बाई बाजारात बसणारी, व्यवहार जाणणारी. नवरा किनाऱ्यावर माल उतरवतो, बायको विकते, असं जोडपं साम्पेंगमध्ये नवलाचं नव्हतं. मग मुलगा वयात आला की प्रश्न यायचा: याच्या मनगटावर काय?

त्याला निवड होती. चिनी वेणी ठेवून दोरा बांधून घ्यायचा, तर बापाच्या वाटेने चिनी. वेणी कापून एखाद्या धन्याच्या नावावर गोंदवून घ्यायचं, तर सयामी. गरीब मुलगा दोऱ्याकडे झुकला तर आश्चर्य नाही. पण ज्याच्या बापाकडे किताब आहे त्याच्यासाठी दुसरी वाट फायद्याची होती, कारण दरबार, जमीन, माणसांवरची सत्ता हे सगळं सयामी बाजूला होतं. तिथे वर चढलेल्याला वेठ करावी लागत नव्हती, करवून घेता येत होती. १८३० च्या सुमारास बँकॉकमध्ये राहिलेला जर्मन मिशनरी कार्ल ग्युट्झलाफ वैतागून लिहितो की इथले चिनी इथल्या चालीरीती इतक्या उचलतात की दोन-तीन पिढ्यांत ओळखू येईनासे होतात, काही जण तर वेणी कापून काही काळ भिक्षूसुद्धा होतात.

या मिसळण्याचं श्रेय बहुतेक लेखक बौद्ध धर्माला देतात. त्यात तथ्य आहे. मूर्ती सामाईक असली की शेजार सोपा होतो, आणि तिसऱ्या रामाने चिनी घाटाचे मठ बांधून हौसही दाखवली. वाट यान्नावा या मठात तर त्याने जंक या चिनी गलबताच्या आकाराचा स्तूप उभारला, जंक नाहीशी झाल्यावर ती कशी होती हे लोकांना कळावं म्हणून. पण जावात इस्लाम आडवा आला म्हणून चिनी वेगळे राहिले, एवढ्याने भागत नाही. जावात डच सत्ता होती. तिने चिन्यांना ठरावीक वस्त्यांत ठेवलं, प्रवासाला पास लावला, कायद्याने त्यांना 'देशी' लोकांपासून वेगळं धरलं. तिथे वर युरोपियन, खाली जावानी. चिनी माणसाने जावानी होऊन मिळवायचं काय? आणि युरोपियन त्याला होता येत नव्हतं. सयाममध्ये वरची पायरी सयामी होती आणि तिच्यावर चढता येत होतं.

प्रवास उलट्या दिशेनेही होई, हे फारसं कोणी सांगत नाही. चौथा राम मोंगकुट गादीवर आल्यावर अफूचा मक्ता उघड झाला, पण अफू ओढायची मुभा फक्त चिन्यांना. एखाद्या सयामी माणसाला ओढायचीच असेल, तर फर्मान असं की त्याने वेणी ठेवावी आणि चिन्यांची डोईपट्टी भरावी. म्हणजे सरकारच्या लेखी तो चिनी झाला! रक्त, भाषा, मूळ गाव यांची चौकशी नाही. कोणत्या वहीत नाव आणि हाताला काय, एवढंच.

वह्या बिघडतात

१८५५ मध्ये ब्रिटिशांशी बाउरिंग करार झाला. राजाच्या मक्तेदाऱ्या मोडल्या, आयात जकात तीन टक्क्यांवर बांधली गेली, आणि ब्रिटिश प्रजेला सयामी न्यायालयांतून सूट मिळाली. इतर युरोपीय सत्तांनीही तसेच करार केले. लवकरच साम्पेंगमधल्या चतुर लोकांना कळलं की सिंगापूर, पेनांग किंवा मकाऊचा काही धागा दाखवून वकिलातीत नाव नोंदवलं की सयामी कर आणि सयामी पोलीस दोन्ही टळतात. मनगटावर दोराही नाही आणि गोंदणही नाही, असा तिसरा चिनी तयार झाला. पन्नास वर्षांपूर्वी जी सूट राजा आपल्या सोयीने देत होता, ती आता परके वकील त्याला न विचारता वाटत होते.

संख्याही वाढत होती. १८५० च्या दशकातले युरोपीय पाहुणे सयाममध्ये पंधरा लाख चिनी असल्याचं बेधडक लिहितात. नंतरच्या अभ्यासात तो आकडा तीन लाखांच्या आसपास उतरला आहे. १८८२ मध्ये दक्षिण चीनमधलं स्वाताव बंदर ते बँकॉक अशी नियमित आगबोट सुरू झाली. वाऱ्याची वाट बघणं संपलं. १८८० च्या दशकात वर्षाला सरासरी सोळा हजारांच्या घरात माणसं उतरत, तर १९०६ नंतर साठ हजारांच्या वर. बरीच परतही जात, पण १९१० पर्यंत चिन्यांची संख्या आठ लाखांच्या आसपास गेली होती. भातगिरण्या, गोदी, ट्राम, रेल्वेची भराव-खोदाई, सगळीकडे तेच हात. १८८९ मध्ये बँकॉकच्या दक्षिणेला तेओच्यू आणि होक्कियन मंडळ्यांत अशी मारामारी झाली की सैन्य बोलवावं लागलं.

दोऱ्याचा पाया वेगळ्याच बाजूने ढासळला. पाचव्या रामाने, चुलालाँगकोर्नने, सयामी माणसाची वेठ टप्प्याटप्प्याने पैशात बदलली आणि १९०५ च्या सैन्यभरती कायद्याने जुनी रचना मोडीत काढली. गुलामगिरीही त्याच वर्षी कायद्याने संपली. आता सयामी माणूस वेठीऐवजी डोईपट्टी भरत होता, राजधानीत वर्षाला सहा बाट. धनी नाही, गोंदण नाही. ज्याच्या तुलनेत चिनी माणूस 'बाहेरचा' होता ती चौकटच उरली नाही. मग सयामी शेजारी तीन वर्षांत अठरा बाट भरतो आणि चिनी दुकानदार सव्वाचार, हे कोणत्या तोंडाने समजावणार? १९०९ मध्ये सरकारने ठरवलं की चिन्यांची वेगळी पट्टी बंद, पुढच्या वर्षापासून सगळ्यांना एकच दर.

कागदावर ही समता होती. साम्पेंगमध्ये ती चौपट करवाढ म्हणून पोचली.

१ जून १९१० ला बँकॉकमधली चिनी दुकानं उघडली नाहीत. आधीपासून भिंतींवर पत्रकं लागली होती, मागे मंडळ्यांचा हात होता. तीन दिवस शहरात तांदूळ मिळेना, डुकराचं मांस मिळेना, बंदरातला माल हलेना, आणि जे थोडं मिळे त्याचे भाव चढले. सरकारने पोलीस आणि सैनिक रस्त्यावर आणले, धरपकड केली, आणि बंद मोडला. पट्टी मागे घेतली गेली नाही. चिन्यांना त्यातून काहीच मिळालं नाही, उलट बरंच गेलं. राजधानीचं पोट किती परक्या हातांत आहे हे सयामी दरबाराने आणि सयामी गिऱ्हाइकाने प्रथमच इतक्या उघडपणे पाहिलं. ऑक्टोबरमध्ये चुलालाँगकोर्न वारला. त्याच्यामागून आलेल्या वाचिरावुतने १९१४ मध्ये टोपणनावाने चिन्यांविरुद्ध जे जहरी लेख लिहिले, त्यांत या बंदाची आठवण ताजी होती असं मानायला जागा आहे.

बंदाकडे नुसतं करविरोधी आंदोलन म्हणून पाहणाऱ्यांशी मी अर्धाच सहमत आहे. पैसा हे कारण होतंच. पण १९०८ मध्ये चिनी क्रांतिकारक सन यत-सेन बँकॉकला येऊन गेला होता, चिनी शाळा आणि वर्तमानपत्रं निघू लागली होती, चीनमधून बायकाही येऊ लागल्या होत्या, म्हणजे घरातली भाषा आता आईकडूनही चिनी राहणार होती. हाताला दोरा असलेल्यांना तोवर सयामने एकत्र धरलं होतं. दोरा सुटला त्याच सुमाराला ते स्वतःला एक मानू लागले: तेओच्यू, हक्का, हैनानी हे नंतर, आधी चिनी.

१९०९ मध्ये चीनच्या चिंग दरबाराने कायदा केला की चिनी बापाचं मूल कुठेही जन्मलं तरी ते चिनी. १९१३ मध्ये सयामने आपला राष्ट्रीयत्वाचा कायदा केला: सयामच्या भूमीवर जन्मलेलं मूल सयामी. त्याच वर्षीच्या आडनावाच्या कायद्याने प्रत्येक घराला आडनाव लावणं भाग पडलं, आणि रानोंग आणि सोंगखलाच्या जुन्या मक्तेदार घराण्यांना खुद्द राजाने 'ना रानोंग' आणि 'ना सोंगखला' ही आडनावं दिली. साम्पेंगमधल्या भातगिरणीच्या मुकादमाचं १९१४ साली जन्मलेलं पोर मात्र जन्मतःच दोन देशांच्या दप्तरात होतं, आणि वयात आल्यावर त्याला कोणी हात पुढे करायला सांगणार नव्हतं.